परळचा शेक : किरणे आणि मेंदू यांची सव्वाशे वर्षांची हकिकत

तापीकाठच्या आपल्या बुऱ्हाणपुरात, शहापुरात आणि नेपानगरात मराठी घरांतून एक शब्द वारंवार कानी पडतो. तो शब्द म्हणजे 'शेक'. कुणाच्या घरी कर्करोगाचे दुखणे निघाले, रोग्याला रेल्वेने मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात नेले, की परत आलेली मंडळी सांगतात, 'तीस शेक झाले, अजून तीन बाकी आहेत.' शेजारच्या हिंदी भाषक घरात याच उपचाराला 'सिकाई' म्हणतात. दोन भाषांनी एकाच अनुभवाला दिलेली ही जवळजवळ एकच संज्ञा आहे. विटेचा शेक, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, बाळंतिणीच्या बाजेखालचा शेक या ओळखीच्या गोष्टींवरून लोकांनी नव्या उपचाराला घरचे नाव दिले. त्यात लोकभाषेचे शहाणपण आहे, परंतु थोडी फसगतही आहे.

फसगत अशी की या शेकात ऊब जवळजवळ नसतेच. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलो वजनाच्या ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे एक ग्रे झाला. मेंदूच्या काही गाठींवर सहा आठवड्यांत मिळून ५४ ग्रे एवढी मात्रा देतात. ही सारी ऊर्जा एकाच वेळी उष्णतेच्या रूपाने दिली, तरी त्या भागाचे तापमान ०.०१३ अंश सेल्सिअसच्या आसपासच वाढेल. उन्हातून घरी आलेल्या माणसाचे डोके याहून कितीतरी अधिक तापलेले असते. मग एवढ्याशा ऊर्जेने गाठ कशी विरते? आणि गाठ विरते तर शेजारच्या निरोगी मेंदूचे काय होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या परिचयाच्या परळमध्ये लिहिला गेला. त्याचीच ही हकिकत.

डोक्यावर पडलेली पहिली किरणे

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. काही महिन्यांतच अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन डॅनियल या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाकडे एक काम आले. एका मुलाच्या डोक्यात बंदुकीची गोळी शिरली होती व ती कोठे आहे हे पाहावयाचे होते. मुलावर प्रयोग करण्यापूर्वी डॅनियल यांनी आपले सहकारी विल्यम डडली यांच्या डोक्यावर तासभर किरणे सोडून पाहिली. छायाचित्र काही उमटले नाही. परंतु एकवीस दिवसांनी डडली यांच्या डोक्याच्या त्या भागावरचे केस गळून पडले. किरण दिसत नाही, भाजत नाही, दुखवत नाही आणि तरीही तीन आठवड्यांनी आपली खूण दाखवतो, हा विलक्षण गुणधर्म मनुष्याच्या ध्यानी आला तो असा.

केस गळतात एवढेच पाहून वैद्यांनी त्याचा उपयोगही शोधला. डोक्यातील नायटा हे त्या काळी शाळकरी मुलांचे मोठे दुखणे होते. केसांच्या मुळाशी बसलेली बुरशी औषधाने जात नसे. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ रेमंड साबुरो यांनी १९०४ च्या सुमारास क्ष-किरणांनी सारे केस गाळून नायटा बरा करण्याची पद्धत बसविली, आणि पुढली पन्नास-पंचावन्न वर्षे ती जगभर चालली. ग्रिसिओफुल्विन हे औषध १९५० च्या दशकाच्या अखेरीस आले तेव्हा कुठे ती मागे पडली. दरम्यान लक्षावधी बालकांच्या डोक्यावरून किरणे गेली होती. कवटीच्या आत काय घडले असेल, असे विचारण्याची कुणालाच गरज वाटली नव्हती.

नवजात इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० या काळात उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांवर हा उपचार सर्रास झाला. बारुख मोदान व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १०,८३४ मुलांची नोंद शोधून काढली आणि वर्षानुवर्षे तिचा पाठपुरावा केला. १९७४ मध्ये त्यांनी पहिला इशारा दिला. १९८८ च्या अहवालात असे दिसले की सरासरी दीड ग्रे एवढी मात्रा मेंदूला मिळालेल्या या मुलांत पुढे मेंदू व चेतासंस्थेच्या गाठींचे प्रमाण इतरांच्या आठपटींहून अधिक होते. त्यापूर्वी, १९८२ मध्ये, याच मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या व शालेय यश इतरांहून किंचित कमी भरल्याचेही प्रसिद्ध झाले होते. १९९४ मध्ये इस्रायलच्या संसदेने या लोकांना भरपाई देण्याचा कायदा केला. उपचारापासून कायद्यापर्यंत जवळजवळ अर्धे शतक लोटले होते.

एका नियमाचा गैरसमज

वैद्य इतके निश्चिंत का होते? त्याचे मूळ एका नियमात आहे. बर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच संशोधकांनी १९०६ मध्ये सांगितले की ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना किरणे अधिक बाधतात आणि ज्या विभागत नाहीत त्यांना कमी. कर्करोगाची पेशी भराभर विभागते, म्हणून ती किरणांनी मरते. प्रौढ माणसाची चेतापेशी सहसा विभागतच नाही, म्हणून ती किरणांना दाद देत नाही, असे अनुमान त्यातून निघाले. नियम ढोबळमानाने बरोबर होता, पण अनुमान अर्धेच बरोबर होते. मेंदू म्हणजे केवळ चेतापेशी नव्हेत. त्यात चेतातंतूंवर वेष्टण चढविणाऱ्या पेशी आहेत, मेंदूला रक्त पुरविणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या आहेत, आणि आठवणींचे दार म्हणता येईल अशा हिप्पोकॅम्पस या भागात जन्मभर नव्या चेतापेशी घडविणाऱ्या मूळपेशीही आहेत. या सर्व विभागणाऱ्या व नाजूक पेशी आहेत. प्रौढ माणसाच्या मेंदूतही नव्या चेतापेशी जन्मतात याचा पुरावा तर १९९८ मध्ये मिळाला.

मात्रा अफाट असेल तर मेंदू लगेचच हार मानतो, हेही एका दुर्दैवी प्रसंगाने दाखविले. ३० डिसेंबर १९५८ रोजी अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे प्लुटोनियम हाताळणारा सेसिल केली हा कामगार अपघाताने प्रचंड किरणोत्साराच्या तावडीत सापडला. क्षणातच त्याचा तोल गेला, त्याला भ्रम झाला आणि सुमारे पस्तीस तासांत त्याचा अंत झाला. सर्व शरीराला एकाच वेळी मिळालेली मात्रा आणि शरीराच्या छोट्या भागाला तीस हिश्श्यांत दिलेली मात्रा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पॅरिसचे क्लोद रेगो यांनी १९२० च्या दशकात मेंढ्यांवरील प्रयोगांतून हे तत्त्व मांडले. मात्रा थोडी थोडी करून दिली की निरोगी ऊतीला दोन शेकांच्या मधल्या काळात आपली दुरुस्ती करून घेता येते. रोज एक शेक आणि आठवड्याला दोन दिवस सुटी हा परळचा रिवाज त्या तत्त्वाचा वारस आहे.

गर्भातला मेंदू

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकीवर अणुबाँब पडले तेव्हा तेथे अनेक गरोदर स्त्रिया होत्या. त्यांच्या पोटी पुढे जन्मलेल्या मुलांपैकी काहींची डोकी लहान होती व बुद्धीची वाढ खुंटलेली होती. ओताके आणि शुल या संशोधकांनी १९८४ मध्ये सुमारे सोळाशे मुलांच्या नोंदींचा ताळा मांडला. तीव्र मतिमंदत्व आलेली मुले त्यांत तीस होती. ज्यांना बाँबच्या वेळी आईच्या पोटात आठ ते पंधरा आठवडे झाले होते, त्यांना धोका सर्वांत अधिक होता. आठ आठवड्यांपूर्वी व पंचवीस आठवड्यांनंतर असा परिणाम आढळला नाही. याचे कारण गर्भविज्ञानात आहे. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात भावी चेतापेशी अतोनात वेगाने जन्मतात आणि मेंदूच्या आतून बाहेरच्या थराकडे आपापल्या जागी जाऊन बसतात. त्या प्रवासात किरणांचा घाला पडला तर जागा चुकते, आणि चुकलेली जागा पुन्हा मिळत नाही.

याच काळात एका मराठी माणसाचे नाव जगाच्या व्यासपीठावर होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ चा, म्हणजे क्ष-किरणांच्याच वर्षीचा. टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली, आणि १९५२ मध्ये परळ येथे उभ्या राहिलेल्या कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९५५ मध्ये अणुकिरणांच्या परिणामांची छाननी करणारी शास्त्रीय समिती नेमली. त्या समितीवर खानोलकरांनी भारताचे प्रतिनिधित्व केले व पुढे तिचे अध्यक्षपदही भूषविले.

आपल्या देशातही एक निसर्गदत्त प्रयोगशाळा आहे. केरळच्या किनाऱ्यावर चवरा-करुनागपल्ली परिसरातील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट असल्याने तेथे नैसर्गिक किरणोत्सार इतर ठिकाणांहून पुष्कळ अधिक आहे. तेथे मतिमंदत्वाचे प्रमाण जास्त असल्याचा दावा १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर वादही झाला. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने त्या भागातील हजारो नवजात बालकांची तपासणी केली, तेव्हा जन्मजात व्यंगांचा आणि किरणोत्साराच्या पातळीचा तसा संबंध आढळला नाही. मात्रा किती, किती वेळात आणि कोणत्या वयात, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून किरणोत्साराविषयी काहीही बोलणे व्यर्थ आहे, हे हिरोशिमा आणि केरळ शेजारी शेजारी ठेवले की पटते.

आत नेमके काय घडते

किरण पेशीतून जाताना अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो, म्हणून या किरणांना आयनीकारक म्हणतात. पेशीत पाणीच अधिक असते. त्या पाण्याचे रेणू फुटून अतिशय उतावळे असे तुकडे निर्माण होतात, आणि ते आनुवंशिक द्रव्याच्या दुहेरी साखळीवर तुटून पडतात. एक पदर तुटला तर पेशी तो सांधते. दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटले तर सांधा कच्चा राहतो किंवा चुकतो. म्हणूनच ऊब नगण्य असूनही घाव मोठा असतो. हातोडीने दार फोडणे वेगळे आणि कुलपाची बारीक खीळ वाकवणे वेगळे.

मेंदूवर त्याचे परिणाम तीन टप्प्यांत दिसतात. उपचार चालू असताना सूज येऊन डोके दुखते, ओकारी होते, आणि ते औषधाने आवरते. उपचारानंतर काही आठवड्यांनी ते काही महिन्यांपर्यंत रोग्याला, विशेषतः मुलांना, अतिशय झोप व मरगळ येते. चेतातंतूंचे वेष्टण तात्पुरते झिजल्याने हे होते असे मानतात, आणि बहुधा ते आपोआप ओसरते. तिसरा टप्पा सहा महिन्यांनंतर, कधी कित्येक वर्षांनंतर येतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड होतात, वेष्टण विरळ होते, हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची पैदास मंदावते. २००२ मध्ये मिशेल मोंजे व सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले की मूळपेशी मरतातच, शिवाय किरणांमुळे पेटलेल्या दाहाने उरलेल्या मूळपेशीही चेतापेशी घडवीनाशा होतात. हा तिसरा टप्पाच घराला आणि शाळेला ओळखता येत नाही.

मेम्फिसचा धडा

रक्ताचा कर्करोग झालेली मुले १९६० पर्यंत बहुधा वाचत नसत. औषधाने रक्तातला रोग हटे, पण औषध मेंदूपर्यंत नीट पोचत नसल्याने तेथे दडलेला रोग उलटून येई. अमेरिकेत मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी १९६७ च्या सुमारास औषधांच्या जोडीला साऱ्या मेंदूवर २४ ग्रे किरणे देण्याचा मार्ग धरला, आणि निम्म्याच्या आसपास मुले बरी होऊ लागली. वैद्यकाच्या इतिहासातला हा मोठा दिवस होता.

दहा वर्षांनी ही मुले शाळेत मागे पडू लागल्याचे ध्यानात आले. लक्ष टिकेना, गणित जमेना, वेग मंदावला. मग २४ चे १८ ग्रे केले, मेंदूपाण्यात औषध टोचण्याच्या पद्धती सुधारल्या, आणि २००९ मध्ये त्याच रुग्णालयाने मेंदूवर किरणे न देताही बहुसंख्य मुले बरी करता येतात असे सिद्ध केले. आधी जीव वाचवला, मग बुद्धी वाचवण्याचा मार्ग शोधला. पिंकेल यांना दोष देण्याचे कारण नाही. मुले जगली म्हणूनच पुढचा प्रश्न दिसला.

मेम्फिसहूनच २००१ मध्ये आणखी एक मोलाचे निरीक्षण आले. मेंदूच्या गाठीसाठी किरणे घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यंक वर्षागणिक उतरतो, तो शिकलेले विसरल्यामुळे नव्हे. ती नवे शिकतात, परंतु बरोबरीच्या मुलांपेक्षा संथ गतीने. बुद्ध्यंक वयाच्या तुलनेत काढतात, म्हणून पुढे चालणारे मूलसुद्धा कागदावर मागे जाताना दिसते.

परळचे दोनशे रुग्ण

आता परळकडे येऊ. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, आणि पुढल्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. अणूचे खाते रुग्णालय चालवते याचे पुष्कळांना नवल वाटते, पण किरणोपचार हा त्या दोहोंमधला पूल आहे.

याच रुग्णालयात डॉ. राकेश जलाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक धीराचे काम हाती घेतले. मेंदूत सौम्य किंवा संथ वाढणारी गाठ असलेल्या, ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी केली. मात्रा दोघांनाही सारखीच होती, तीस शेकांत ५४ ग्रे. एका गटाला रूढ पद्धतीने किरणे दिली. दुसऱ्या गटात डोके अगदी नेमके स्थिर धरून, गाठीच्या आकाराला बेतून, भोवतालचा निरोगी मेंदू शक्य तितका वगळून किरणे दिली. रुग्णांची भरती २०१२ पर्यंत चालली. प्रत्येकाची बुद्धिमापन चाचणी व संप्रेरकांची तपासणी उपचारापूर्वी आणि नंतर पाच वर्षे ठराविक काळाने होत राहिली. गरीब, लांबून आलेल्या, भिन्नभाषी रुग्णांचा असा पाठपुरावा करणे म्हणजे काय, हे मुंबईच्या धर्मशाळांतून दिवस काढलेल्या माणसाला सांगायला नको.

निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जगण्याच्या प्रमाणात दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. मात्र नेमक्या पद्धतीच्या गटात बुद्ध्यंक पाच वर्षे अधिक चांगला टिकला, आणि संप्रेरकांचे नवे बिघाड दुसऱ्या गटातील ५१ टक्क्यांच्या तुलनेत ३१ टक्क्यांनाच झाले. मेंदूचा निरोगी भाग वाचवला तर बुद्धी वाचते, हे तोवर सर्वांना पटण्याजोगे वाटत होते. दोन गट पाडून, वर्षानुवर्षे मोजून ते दाखविण्याचे श्रेय परळकडे जाते. आता खारघर येथे टाटा केंद्राच्याच परिसरात २०२३ पासून प्रोटॉन किरणांचे उपचारही सुरू झाले आहेत. त्यांत किरण गाठीपाशी थांबतो व पलीकडच्या मेंदूला जवळजवळ शिवत नाही.

आपण काय ध्यानी धरावे

या इतिहासातून सामान्य कुटुंबाने तीन गोष्टी घ्याव्यात असे वाटते.

पहिली गोष्ट भीतीविषयी. 'शेकाने डोके कामातून जाते' असे ऐकून मुलाचा उपचार अर्ध्यावर सोडणारी माणसे आढळतात. गाठ वाढत राहिली तर ती बुद्धी आणि जीव दोन्ही नेते. उपचाराचे जे दुष्परिणाम आहेत ते मोजलेले आहेत व दशकागणिक कमी होत आले आहेत. तीन वर्षांच्या आतील मुलांना मेंदूवर किरणे देणे डॉक्टर स्वतःच होता होईतो टाळतात. डॉक्टरांना मोकळेपणी विचारावे, पण तारीख चुकवू नये.

दुसरी गोष्ट निष्काळजीपणाविषयी. पडल्या-झडल्या मुलाचे सीटी स्कॅन करा असा आग्रह हल्ली पालकच धरतात. डोक्याच्या एका सीटी स्कॅनमध्ये मेंदूला मिळणारी मात्रा उपचारातील मात्रेच्या साधारण हजाराव्या हिश्श्याइतकी असते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यास ते अवश्य करावे. परंतु लहानपणी वारंवार सीटी केल्यास पुढे मेंदूच्या गाठीचा धोका थोडा वाढतो असे ब्रिटनमधील २०१२ च्या अभ्यासात दिसले आहे. हौसेने करण्याची ती तपासणी नव्हे. गरोदर स्त्रीने आपली अवस्था क्ष-किरण खोलीच्या दारातच सांगावी. एमआरआय व सोनोग्राफी यांत आयनीकारक किरणे नसतात, हेही ठाऊक असावे.

तिसरी गोष्ट शाळेची आहे, आणि शिक्षकी पेशातल्या माणसाला ती सर्वांत जवळची. परळहून बरे होऊन आलेले मूल वर्गात बसते. केस पुन्हा उगवलेले असतात, व्रण टोपीखाली झाकलेला असतो. दोन-तीन वर्षांनी ते मागे पडू लागते तेव्हा आजाराची आठवण कुणाला राहिलेली नसते. घरात त्याला आळशी म्हणतात, आणि आमच्यासारख्या दुभाषी गावात 'घरी मराठी, शाळेत हिंदी, म्हणून गोंधळतो' असे सोयीचे कारणही हाताशी असते. खरे कारण कित्येक वर्षांपूर्वीच्या उपचारात असू शकते. अशा मुलाच्या पालकांनी उपचाराचे कागद जपून ठेवावेत आणि दर इयत्तेत नव्या वर्गशिक्षकाला ते सांगावे. शिक्षकाने त्याला पुढच्या बाकावर बसवावे, उत्तराला वेळ द्यावा, एका वेळी एकच सूचना द्यावी, लांब पाठ तोडून द्यावा. उंची वाढत नसेल, सतत थकवा असेल, तर संप्रेरकांची तपासणी करून घेण्यास घरच्यांना सुचवावे. त्यावर औषध आहे.

रेगो यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखविले की तीच मात्रा थोडी थोडी करून दिली तर ऊतीला सोसते. अशा मुलाला शिकवतानाही हेच पथ्य पाळले, तर रुग्णालयात वाचलेली बुद्धी शाळेत वाया जाणार नाही.